दिवसाढवळ्या अंधार

मालगाडीवर असिस्टंट लोको पायलट म्हणून लागले तेव्हापासून माझी झोप दिवसाची झाली. रात्रभर इंजिनात जागायचं, सकाळी चरोद्याच्या यार्डात ड्यूटी सोडायची, स्कूटीवरून कॅम्प-एक वस्तीत घरी यायचं आणि बाकीचं जग कामाला लागलं की आपण डोळे मिटायचे. घरी आई आणि मी, दोघीच. वडील कारखान्यातून रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून त्यांनी हे बैठं घर बांधलं, आणि पुढे थोड्याच वर्षांत ते गेले. माझ्या खोलीला दोन खिडक्या. एक पूर्वेला, गल्लीवर उघडणारी, आणि दुसरी दक्षिणेला, जिच्यात कूलर बसवलेला. सकाळी ड्यूटीवरून येऊन मी अंग टाकायला आणि पूर्वेचं ऊन थेट उशीवर यायला एकच गाठ पडायची.

उपाय सगळे करून झाले होते. काचांना वर्तमानपत्रं चिकटवली, ती नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ दिवसांच्या, उन्हात पिवळी पडून गळाली. काळा चार्ट पेपर लावला, तो वाकला. वडिलांचं जुनं घोंगडं खिळ्यांवर टांगलं, तर त्याच्या विणीतूनही ऊन टाचणीसारखं टोचायचं. डोळ्यांवरची पट्टी घामानं सरकायची. गोंदियाच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या लोकांच्या विश्रामगृहात, मात्र मी मेल्यासारखी झोपायचे. तिथल्या खोल्या दिवसाही काळ्याकुट्ट असतात.

मग एका पहाटे डोंगरगडच्या अलीकडे माझ्याकडून सिग्नल पुकारायचा राहिला. इंजिनात दोघांनीही सिग्नल पाहून मोठ्यानं म्हणायचा असतो. माझ्या सीनियरनं "डबल यलो" म्हटलं आणि माझं तोंड उघडलंच नाही. मी झोपले नव्हते. डोळे सताड उघडे होते, दिवाही समोर होता, पण तो आत पोचत नव्हता. त्यांनी दुसऱ्यांदा ओरडून म्हटलं तेव्हा मी दचकून म्हटलं. ड्यूटी संपल्यावर ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की घरी झोपेची सोय कर, मी माझ्या खोलीला ब्लॅकआउट रोलर ब्लाइंड लावून घेतले आहेत, तूही लाव.

आईला ही सिग्नलची गोष्ट मी सांगितली नाही. पडदे घ्यायचे आहेत, चल, एवढंच म्हटलं. घरात काही आणायचं आणि आईला न्यायचं नाही, असं आमच्याकडे होत नाही. पॉवर हाउस भागातल्या बाजारात ती माझा दंड धरून चालत होती. अलीकडे गर्दीत ती तसंच करायची. मला ते आवडायचं. आयुष्यभर माझ्या पुढे चार पावलं चालणारी बाई आता माझ्या दंडाला धरून चालते, म्हणजे वय झालं आणि माया वाढली, असा मी अर्थ लावला होता.

दुकानदार हिंदीत घडाघडा बोलत होता. त्यानं कापडाच्या तुकड्यांचा गठ्ठा टेबलावर टाकला आणि एकेका तुकड्यामागे मोबाइलचा टॉर्च लावून दाखवू लागला. साध्या कापडातून उजेड चाळणीसारखा यायचा. ब्लॅकआउटच्या पाठीला रबरासारखा थर होता, त्यातून टॉर्चचा ठिपकाही दिसेना. आई टॉर्चकडे बघतच नव्हती. ती प्रत्येक तुकडा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळून पाहायची आणि बाजूला सारायची. शेवटी तिनं एक तुकडा माझ्या हातात दिला, हा घे म्हणाली. तोच सगळ्यांत जाड होता. दुकानदारही म्हणाला, माताजींची पारख बरोबर आहे. रंगाचं विचारलं तर तुले आवडते तो घे, म्हणाली. मी राखाडी घेतला, बाहेरच्या बाजूनं पांढरा, म्हणजे ऊन परतावं.

दुकानदाराच्या प्रत्येक वाक्यात ब्लाइंड होतं. आई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "हा कावून सारखं ब्लाइंड ब्लाइंड करून राहिला?"

मी हसून सांगितलं की गुंडाळायच्या पडद्याला इंग्रजीत तसंच म्हणतात. त्या शब्दाचा दुसरा अर्थही सांगायला लागले.

"मले मालूम हाय त्याचा अर्थ," ती म्हणाली, आणि दुकानदाराला विचारू लागली की साखळी किती वर्षं टिकते.

दुकानदारानं बजावलं होतं की हे मापाचं काम आहे, एकदा कापड कापलं की परत घेता येत नाही. म्हणून त्याचा कारागीर आधी माप घ्यायला घरी आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं टेप वरही लावला, मध्येही लावला आणि खालीही लावला. आमची पूर्वेची खिडकी वर रुंद आणि खाली बोटभर अरुंद निघाली. तो म्हणाला, चौकटीच्या आत पडदा बसवला तर दोन्ही बाजूंनी उजेडाची रेघ राहील; तुम्हाला पूर्ण अंधार हवा असेल तर चौकटीच्या बाहेर, भिंतीवर बसवू, खिडकीपेक्षा मोठा, आणि कडेला ॲल्युमिनियमची पट्टी लावू, तिच्या खाचेतून कापड वर-खाली होईल. मी म्हटलं, पूर्ण अंधार.

अडचण कूलरची होती. तो दक्षिणेच्या खिडकीत असेपर्यंत तिथे पडदा बसणं शक्य नव्हतं. मी ठरवलं की कूलर बाहेरच्या खोलीच्या खिडकीला लावू, आणि त्या खिडकीखालची पत्र्याची पेटी स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळीत ठेवू. आई यावर जी चिडली, तशी मी तिला क्वचितच पाहिली होती. वस्तू जिथं हाय तिथंच राहू दे, हे ती इतक्यांदा म्हणाली की मीही चिडले. माझी झोप महत्त्वाची की तुझी पेटी, असं काहीतरी बोलले. मी शेजाऱ्यांची मदत घेऊन कूलर हलवला, पेटी हलवली. दुसऱ्या दिवशी तिच्या नडगीवर मोठा काळानिळा डाग दिसला. काय झालं विचारलं तर म्हणाली, असंच. मी ड्यूटीला निघाले होते. तिनं असंच म्हटलं, मी ते तसंच घेतलं.

पडदे तयार होऊन आले त्या दुपारी मी मुद्दाम सुट्टी घेतली होती. कारागिरानं पूर्वेच्या खिडकीपासून सुरुवात केली. वरच्या तुळईचं काँक्रीट इतकं कडक होतं की ड्रिलचं टोक तापून निळं पडलं. घरभर सिमेंटची धूळ झाली. रूळ बसला, कडेच्या पट्ट्या बसल्या, त्यानं साखळी ओढली आणि राखाडी कापड खाचांतून सरळ खाली आलं. अर्धी खोली अंधारली. मग तो दक्षिणेच्या खिडकीकडे वळला. मला एखाद्या सणासारखं वाटत होतं. मी आईला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

दुसरा पडदा बसला तेव्हा आई ट्रे घेऊन खोलीत आली. कारागिरानं मला खुणेनं दार लावायला सांगितलं, म्हणजे कुठून उजेड गळतो ते कळेल. मी आईच्या मागून जाऊन दार लोटलं. त्यानं साखळी ओढली.

असा अंधार मी त्या घरात कधी पाहिला नव्हता. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, गल्लीत भाजीवाला ओरडत होता, आणि आत मला माझा हात दिसत नव्हता. कारागीरही काही बोलला नाही, बहुतेक फटी शोधत असावा. मला आनंदानं हसू येत होतं. मी जागची हलले नाही, कारण ट्रेला धक्का लागला असता.

आईच्या पायांचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा आला, अगदी नेहमीच्या चालीचा. ट्रे स्टुलावर टेकल्याचा आवाज आला. कप हललेसुद्धा नाहीत. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली की चहा ठेवला, थंडा नका होऊ देऊ. त्यानंतर तिच्या बांगड्या भिंतीला घासत गेल्या, दाराच्या दिशेनं. मग त्याही थांबल्या.

"बेटा," ती म्हणाली, "तू इथंच हाय नं? मले धर थोडी."

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "थांब आई, पडदा वर करायला सांगते."

"कोणता पडदा?"

कारागिरानं घाईनं साखळी ओढली. ऊन आत आलं. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती, एक हात भिंतीवर सपाट टेकलेला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडातून आवाज नव्हता. ती हळूहळू वळली आणि खिडकीकडे बघत राहिली. इतकी टक लावून तिनं मलाही कधी पाहिलं नसेल.

"दिसून राहिलं," ती म्हणाली. "मले वाटलं, आज गेलं सगळं."

मला काही समजेना. काय गेलं, असं मी विचारलं. ती भानावर आली. पदरानं तोंड पुसून म्हणाली की काही नाही, चक्कर आली होती. कारागिरानं आमच्याकडे पाहिलं, चहा न घेता हत्यारं उचलली आणि उरलेले स्क्रू नंतर येऊन लावतो म्हणत निघून गेला.

मी तिला कॉटवर बसवलं. मी तिच्यासमोर दोन बोटं धरली, ती तिनं बरोबर सांगितली. मला हायसं वाटलं. मग मी तोच हात तिच्या डाव्या कानाच्या बाजूनं नेला. तिची नजर समोरच. मी हात डाव्या डोळ्याच्या इतक्या जवळ आणला की बोटं पापण्यांना लागतील. पापणी लवली नाही. ट्रे न सांडता अंधारात चालून आलेली ही बाई रोजच अंधारात चालत होती. मी रोज सकाळी येऊन तिच्या हातचं जेवत होते, आणि मला पत्ता नव्हता.

"किती दिसते तुले?" मी विचारलं.

"समोर थाळीएवढं दिसते," ती म्हणाली. "एका डोळ्यानं. तेवढं पुरते घरात."

रायपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही बसनं गेलो. कुम्हारीपर्यंत ती बाहेर बघत होती, म्हणजे खिडकीकडे तोंड करून बसली होती. काय बघत होती ते आता मला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात तिला एका अर्धगोल यंत्रासमोर बसवलं आणि हातात बटण दिलं. आत कुठे दिवा चमकला की बटण दाबायचं. मी बाजूला उभी होते. मला कडेनं ते दिवे चमकलेले दिसत होते, एक इथे, एक तिथे. आईचं बोट हलत नव्हतं. यंत्र अजून सुरूच व्हायचं आहे, अशी तिची समजूत होती.

डॉक्टरीणबाईंनी सगळं पाहून सांगितलं की काचबिंदू आहे, आणि फार पुढे गेला आहे. डावा डोळा पूर्ण गेला. उजव्यात मधला तुकडा शिल्लक आहे. गेलेलं परत येत नाही, औषधाचे थेंब नियमानं घातले तर उरलेलं टिकेल. मग त्यांनी आईला विचारलं की याआधी कुणी सांगितलं नव्हतं का. आता आई नाही म्हणेल, असं मला वाटलं. आई म्हणाली, सांगितलं होतं. मोहल्ल्यातल्या बुद्धविहारात एकदा डोळ्यांची तपासणी होती, तेव्हा. थेंबही दिले होते. ते टाकून दिले.

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. टाकून का दिले, हे त्यांनीही विचारलं आणि मीही. आई पदराचा काठ चाचपत राहिली. बाईंनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या की हा आजार घराण्यात चालतो, तुमचे डोळे आजच तपासून घेऊ.

आईनं टेबलावरून हात पुढे करून त्यांचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं. "इसकी मत देखिए, मॅडम," ती म्हणाली. "ये रेल्वे में है."

तेव्हा सगळं बाहेर आलं. विहारातल्या त्या डॉक्टरनंही तिला हेच सांगितलं होतं, की मुलांनाही होऊ शकतो. तेव्हा मी रेल्वेची लेखी परीक्षा पास झाले होते आणि मेडिकल व्हायची होती. इंजिनाच्या नोकरीत डोळे किती कडक तपासतात हे आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत. कुणाकुणाची पोरं डोळ्यांवरून परत आली होती. आईनं मनाशी हिशेब केला की आपल्या नावानं आजाराचा कागद झाला, तर तो फिरत फिरत रेल्वेत जाईल आणि माझी नोकरी लागायच्या आधीच जाईल. म्हणून तिनं थेंब फेकले आणि पुन्हा कुठल्याही डॉक्टरसमोर उभी राहिली नाही. मी नोकरीला लागले तेव्हा तर लपवणं तिला आणखीच गरजेचं वाटू लागलं. घरातली प्रत्येक वस्तू तिनं हातानं पाठ करून ठेवली. आणि मी ती पेटी उचलून तिच्या वाटेत ठेवली होती.

माझे डोळे तपासले. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, प्रकाश मारला, त्याच यंत्रासमोर बसवलं. मी बटण दाबत होते, आणि प्रत्येक दिवा खरंच दिसला की मी अंदाजानं दाबला, याची मला खात्री वाटत नव्हती. शेवटी बाई म्हणाल्या की सध्या सगळं ठीक आहे, दर वर्षी येत जा. आईनं त्यांना दोनदा विचारून घेतलं.

परतताना थेंबांमुळे माझ्याही डोळ्यांना बाहेरचं काही धड दिसत नव्हतं, सगळं पांढरंफेक. गर्दीच्या बसमध्ये मला भांडायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"मी तुया डोळ्यांवर नोकरी करून राहिली होती का?" मी म्हटलं.

"तुले सिग्नल पाहा लागते," ती म्हणाली. "मी घरीच असतो. मले काय पाहाचं हाय?"

पुढचा सगळा रस्ता मी तिचा हात धरून बसले, आणि राग इतका होता की तो हात मी जरुरीपेक्षा जोरात धरला होता. तिनं सोडवून घेतला नाही.

घरी आल्यावर पहिल्यांदा मी पेटी जागेवर ठेवली. पडदे होते तसेच राहिले, कारागीर येऊन उरलेले स्क्रू लावून गेला. काम त्यानं चोख केलं होतं, कुठूनही उजेडाचा धागा आत येत नव्हता. पण मला त्या खोलीत झोप येईना. पडदे पाडून पडले की मी डोळे उघडून अंधारात बघत राहायचे आणि मग ताडकन उठून साखळी ओढायचे, दिसतं की नाही ते पाहायला. बरेच दिवस मी पूर्वेचा पडदा वीतभर उघडा ठेवूनच झोपले. आई दिवसातून दोनदा थेंब घालायला माझ्यासमोर बसायची. ड्यूटीच्या दिवशी हे काम शेजारच्या काकू करायच्या. सगळ्यांना कळलंय म्हणून आईला सुरुवातीला लाज वाटायची. मग तीच काकूंना हाक मारू लागली.

पुढे रेल्वेच्या डॉक्टरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. आईच्या मनातली भीती तोवर माझ्यातही शिरली होती. दारासमोर मी कितीतरी वेळ उभी राहिले. मनात वाक्य तयार करून गेले होते, पण आत गेल्यावर सगळं एका दमात ओकले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, आईच्या आजारानं तुमची नोकरी जात नाही, आम्हाला तुमचे डोळे चांगले असले की झालं. दर वर्षी तपासत जा आणि आम्हाला कळवत जा. पुढच्या माणसाला त्यांनी आत बोलावलंसुद्धा. सगळं बोलणं एवढंच होतं.

मी घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत बसली होती, बोटांनी. मी तिला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तिची बोटं सुपात थांबली.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे तोंड करून म्हणाली, "मंग तवा सांगतलं असतं तं तुयी नोकरी गेली नसती?"

त्या प्रश्नाची मला कल्पना यायला हवी होती. तिच्या डाव्या डोळ्याकडे बघत मी उभी राहिले. दिसायला तो दुसऱ्या डोळ्यासारखाच आहे. कुणाला सांगूनही पटणार नाही की त्यात काही नाही.

"तवा लय कडक होतं, आई," मी म्हटलं. "तवा गेली असती."

"मी म्हटलंच होतं," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.